सगळे फ्यूज काढल्यावरही जळणारा दिवा

बाबा, गाडी सुरू झाली. काल दुपारी, जुनवानीच्या आपल्या घरासमोर, पहिल्याच चावीला. दहा दिवस मी तिला हात लावला नव्हता, मुद्दामच. तुम्ही असता तर बॉनेटवर एक चापट मारून नुसतं "हं" म्हणाला असता आणि हात पुसायला कापड मागितलं असतं. तुम्हाला जाऊन अकरा वर्षं झाली. तरी काल इंजिनाचा आवाज आला तेव्हा मी आधी दाराकडे पाहिलं, तुम्ही ऐकलं की नाही ते बघायला.

मागच्या महिन्यात एका सकाळी आईला दम लागला. तिला धरून गाडीत बसवलं, चावी फिरवली, तर नुसतं टक टक. समोरच्यांनी त्यांच्या गाडीतून दवाखान्यात नेलं. आई आता बरी आहे, सकाळी उठून भाजी निवडते, माझ्यावर ओरडते. पण भावाला नागपूरला कळलं आणि त्याने फोनवर सांगून टाकलं, "विकून टाक ते डबडं. मी गिऱ्हाईक घेऊनच येतो." मी म्हटलं, एक महिना दे, बिघाड शोधते. तो हसला. "अकरा वर्षांत कोणाले सापडला नाही, तुले सापडून राहिला!" तो महिना उद्या संपतो. उद्या तो येतोय.

खरंच कोणाला सापडला नव्हता. तुमच्यानंतर चार बॅटऱ्या झाल्या. प्रत्येक मिस्त्री येतो, बॉनेट उघडतो, टर्मिनल हलवतो आणि म्हणतो, "दीदी, बैटरी डाउन है, नया डाल दो." नवी घातली की काही महिने बरे जातात. मग गाडी आठ-पंधरा दिवस उभी राहिली की पुन्हा तेच. मी शाळेत स्कूटरने जाते, गाडी लागते ती आईसाठी, आणि ज्या दिवशी आईला लागते नेमकी त्याच दिवशी ती मेलेली असते.

या वेळी मी नवी बॅटरी आणली नाही. जुनीच चार्ज करून आणली आणि तुमची पत्र्याची पेटी उघडली. आत काट्याचा मीटर अजून तुमच्या निळ्या फडक्यात गुंडाळलेला होता. तुमचं वाक्य आठवलं, "आधी पाहाचं, मंग मोजाचं, सगळ्यात शेवटी विकत आणाचं. लोकं उलटं करतात." टर्मिनलवरची पांढरी भुकटी सोड्याच्या गरम पाण्याने धुतली. गाडी बंद असताना मीटर लावला, साडेबारा व्होल्टच्या थोडं वर. तुम्ही त्याला पोट भरलेलं म्हणायचात. सुरू केल्यावर चौदाच्या आसपास. म्हणजे इंजिन चालू असताना भरणारा भरत होता. भरलेलं कोणीतरी गाडी उभी असताना खात होतं.

हे शोधायची रीत तुम्ही मला प्लान्टच्या कॉलनीत, आपल्या सेक्टरच्या क्वार्टरसमोर शिकवली होती. भाऊ तेव्हा गाडीजवळ येईनासा झाला होता, म्हणून मला. तुम्ही फर्स्ट शिफ्ट करून आलेले, अंगावर प्लान्टची खाकी, आणि मी मीटरच्या पिना धरून उभी. "निगेटिव्हची वायर काढ. वायर आन् बॅटरीच्या मंधात मीटर लाव. आता सगळं बंद आहे ना? मंग काटा कावून उठला? कोणी तरी चोरून खाऊन राहिलं. एक-एक फ्यूज काढ. ज्याच्यावर काटा पडन, तो चोर." मी म्हटलं, "आणि कोणत्याच फ्यूजवर पडला नाही तर?" तुम्ही चिडलात. "कावून नाही पडन? फ्यूजबिगर डायरेक्ट वायर जोडाचीच नाही. जोडन तो गाढव."

मी तसंच केलं. दारं लावली, काच खाली करून खिडकीतून हात आत घातला आणि स्टिअरिंगखालचे फ्यूज एकेक काढून स्टीलच्या ताटलीत ठेवत गेले. काटा शून्याच्या थोडा वर उभा होता. शेवटचा फ्यूज काढला तरी तो तिथेच. मला रडू यायला लागलं होतं. वाटलं, भाऊ बरोबर म्हणतो.

तेवढ्यात आई चहा घेऊन आली. कप बॉनेटवर ठेवला आणि रोजच्या सवयीने खिडकीतून आत वाकून हात जोडले. मी तिच्या हातांच्या रोखाने पाहिलं. डॅशबोर्डवर विश्वकर्म्याची छोटी तसबीर, आणि तिच्यापुढे तुमचा तो लाल दिवा. सगळे फ्यूज ताटलीत होते, आणि दिवा जळत होता.

बाबा, तुम्हीच जोडला होता तो, डायरेक्ट. नोकरीच्या शेवटच्या वर्षी, विश्वकर्मा पूजेच्या दिवशी. त्या दिवशी प्लान्टमधली यंत्रं पुसून, हार घालून उभी होती आणि तुम्ही घरी येऊन गाडीखाली शिरला होता. आई दारातून म्हणाली, "आजच्या दिवशी अवजाराले हात लावत नाही म्हणे कोणी!" तुम्ही खालूनच उत्तर दिलं, "त्याचंच काम करून राहिलो ना." मग बाहेर येऊन दिवा लावून दाखवलात. गाडी बंद, चावी तुमच्या खिशात, आणि दिवा लागलेला. मी म्हटलं, बाबा, हा तर डायरेक्ट. तुम्ही जरा ओशाळलात, मग म्हणालात, "देवाले काय चावीनं बंद करतात? अन् मी रोज प्लान्टले जातो. तो रात्रभर जेवढं खाते, तेवढं मी जाता-येता भरून आणतो."

तुम्ही रोज भरून आणत होता. रिटायर झाल्यावरही सकाळी गाडी घेऊन प्लान्टच्या गेटपर्यंत जायचात, ओळखीच्यांबरोबर चहा प्यायचात आणि परत यायचात. आई विचारायची, "काय काम होतं?" तुम्ही म्हणायचात, "काम नोतं." तोवर तो दिवा कोणाला जड झाला नाही. तुम्ही गेलात आणि गाडी उभी राहायला लागली. दिवा मात्र जळत राहिला, कारण दरवर्षी पूजेला त्याचा बल्ब मी बदलत होते. अकरा वर्षं. एकदाही विझू दिला नाही. मला वाटायचं, मी तुमचं काही सांभाळते आहे.

मिस्त्री तरी इतके सगळे येऊन गेले. परवा उतईकडचा तो म्हातारा मिस्त्री भेटला, गेल्या वर्षी त्यानेच बॅटरी बदलली होती. मी विचारलं, दिवा दिसला नव्हता का? तो कानाला हात लावून म्हणाला, "दिखे तो रिहिस दीदी, फेर भगवान के दिया ला हमन कइसे छूबो?" दिसला होता, पण देवाच्या दिव्याला हात कोण लावणार! मीही लावला नव्हता, मग त्याला काय बोलू.

दिवा सापडला त्याच दिवशी तुमचा सांधा शोधायला बॅटरीपासून वायर धरून आले. काळी टेप आणि तिच्यावर पांढऱ्या दोऱ्याच्या तीन गाठी, तुमच्या. कात्री हातात घेऊन मी बराच वेळ बसले. आई पायरीवरून बघत होती. "विझवून राहिली का?" तिने विचारलं. मी म्हटलं, "नाही, रेडिओच्या वायरवर घेते. फ्यूज राहील. चावी फिरवली की लागेल." ती म्हणाली, "अन् गाडी उभी असन तवा देव अंधारात?" मी म्हटलं, "हो." तिने चहाचे कप उचलले आणि आत जाता जाता म्हणाली, "असू दे. लाईट गेली की आपणही बसतोच ना." मी वायर कापली. काटा शून्यावर येऊन पडला. गाठींचा तुकडा तुमच्या पेटीत, मीटरच्या फडक्यात ठेवला आहे.

आता भाऊ. त्याला गाडी विकायची आहे ती बॅटरीमुळे नाही, हे मला माहीत आहे. गाडी नवीन आलेली तेव्हाची ती सकाळ तुम्हाला आठवत असेल. तुमची फर्स्ट शिफ्ट, भोंगा होऊन गेलेला, आणि गाडी मेलेली. आतला छताचा दिवा रात्रभर चालू राहिला होता. आयुष्यात पहिल्यांदा तुम्ही ड्यूटीवर उशिरा पोचलात. संध्याकाळी क्वार्टरच्या साऱ्या लायनीसमोर तुम्ही भावाला विचारलंत, "डोकं कुठं ठेवून राहिला तू? काल तूच नेली होती ना?" तो म्हणाला, "मी बंद केला होता, बाबा." तुम्ही त्याच्या हातातून चावी घेतलीत आणि म्हणालात, "खोटं बोलणाऱ्याले गाडी नाही." ती चावी त्याने पुन्हा कधी मागितली नाही. तुमच्या शेवटच्या आजारातही तो तुम्हाला रिक्षाने न्यायचा. तुम्ही एकदा स्वतःच चावी पुढे केली होती. त्याने पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

तो खोटं बोलत नव्हता. आदल्या संध्याकाळी तो गाडी लावून गेल्यावर मी तिच्यात जाऊन बसले होते. ज्यांच्याकडे माझं जवळजवळ ठरलं होतं, त्यांचं नकाराचं पत्र आलं होतं. दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये रडायला जागा नव्हती. छताचा दिवा लावून मी ते पत्र चार-पाच वेळा वाचलं, तोंड पुसलं आणि घरात येऊन पोळ्या लाटायला बसले. दिवा मी बंद केला नाही. दुसऱ्या दिवशी तुम्ही भावाला विचारत होता तेव्हा मी दारामागे उभी होते. बोलले असते तर पत्राचंही सांगावं लागलं असतं. नंतर तुम्ही मला मीटर धरायला शिकवलंत, ती भावाची जागा होती, आणि मला ती आवडायला लागली.

उद्या तो गिऱ्हाईक घेऊन येईल. मी त्याला त्या छताच्या दिव्याचं सांगणार आहे, मग चावी त्याच्या हातात देणार आहे. त्यानंतर विकायची की ठेवायची, तो ठरवेल. सकाळपासून वाक्य जुळवते आहे. दोनदा फोन हातात घेतला आणि ठेवून दिला. म्हणून हे आधी तुम्हाला लिहिलं, बाबा. तुम्ही विचारणार नाही, इतकी वर्षं कावून गप्प होती.