सातव्या डब्याचं नेटवर्क

सोमवार, ३
नोकरी झकास आहे! इमारतीची दारं, कुलपं, लिफ्ट, इंटरकॉम, सगळं तळघरातल्या एका लिनक्स कॉम्प्युटरवर चालतं आणि ते मशीन आजपासून माझ्या ताब्यात. राहायला वरच्या मजल्यावर दोन खोल्या. आईने आल्या आल्या खिडकीतली जागा पटकावली. मशीनच्या पोटात कंटेनर आहेत, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवलेले डबे. मजले सहा, तळघर धरून, आणि प्रत्येकाला एक डबा. सातवा कशाचा, कुणालाच ठाऊक नाही, पण तो बंद आहे आणि मॅनेजरसाहेबांना बोर्डावर त्याचा लाल दिवा खपत नाही. हिरवा झाला तर नोकरी पक्की, नाहीतर महिनाअखेरीस मी आणि आई रस्त्यावर. म्हटलं, उद्या दुपारपर्यंत उरकतो.

बुधवार, ५
कसली दुपार! डबा सुरू होतो आणि लगेच मान टाकतो. त्याच्या सेटिंगमधून नेटवर्कचा अख्खा भागच गायब आहे, आणि नेटवर्कबद्दल काही लिहिलेलं नसेल तर हा शहाणा उठतच नाही. मशीनसमोर बसून इतक्या शिव्या घातल्या की भिंतीवरच्या इंटरकॉमलाही लाज वाटली असेल. वर आल्यावर आईने जेवायला विचारलं, तर तिच्यावरही खेकसलो.

शुक्रवार, ७
वैताग, नुसता वैताग. आधी डब्याला रिकामं नेटवर्क दिलं, म्हणजे चारी बाजूंनी बंद खोली. बाहेरचं काही दिसेना म्हणून तो पुन्हा मेला. मग मधली भिंतच काढून टाकली आणि मशीनचं स्वतःचं नेटवर्क त्याला वापरू दिलं. असं शिकाऊ पोरगाही करणार नाही. पण हिरवा झाला! साहेबांनी पाठ थोपटली.

शनिवार, ८
आई भलतीच खुशीत. म्हणाली, दुपारी इंटरकॉमवर किती गोड बोललास रे, बऱ्याच दिवसांनी. दुपारभर मी साहेबांबरोबर गच्चीवर कॅमेरे तपासत होतो. म्हटलं, दुसरं कोणी असेल. तर म्हणे, पोटच्या पोराचा आवाज मला कळत नाही का?

सोमवार, १०
वॉचमनने आधी टाळाटाळ केली, मग सांगितलं. आधीच्या इंजिनिअरची बायको, नवऱ्याने इंटरकॉमवर बोलावलं म्हणून लिफ्टने खाली गेली. परत आली नाही. नवरा तेव्हा बाहेरगावी होता. नंतर त्यानेच त्या डब्याचं नेटवर्क काढलं आणि नोकरी सोडली.
म्हणजे तो बिघाड नव्हताच. ते कुलूप होतं. आणि मी मूर्खासारखा—
आईला बजावलं, इंटरकॉम उचलायचा नाही. ओरडूनच बजावलं. ती रडली.

मंगळवार, ११
सकाळीच तळघरात आलो. डबा बंद केला. मशीनच बंद पडलं — भिंत काढलेली, डब्याला दिलेला हुकूम मशीननेही ऐकला, एकाला मारलं की दोघंही. दाराला कुलूप बसलं. उघडत नाही. फोनला रेंज नाही. वही तेवढी हातात आहे.
सगळे दिवे विझलेत, फोनच्या उजेडात लिहितोय. इंटरकॉम चालू आहे.

माझा आवाज येतोय. आईला सांगतोय, चुकलं माझं, कालचं मनावर घेऊ नकोस. हे मी म्हणायला हवं होतं. आई म्हणतेय, राग कसला रे राजा.

खाली बोलावतोय तिला—

मी दार बडवतोय. ओरडतोय. कोणी—

लिफ्ट थांबली. बाहेर आई. विचारतेय, आत कोण ओरडतंय. माझा आवाज सांगतोय, लक्ष देऊ नकोस, मशीन आहे ते, तसंच खेकसतं.

आई, खेकसणारा तोच मी, आई—

तिची पावलं लिफ्टकडे परतली. लिफ्ट निघाली. वर नाही. खाली.

तळघराच्या खाली मजलाच ना—