घर – पहिला दिवस

४ फेब्रुवारी

आलो एकदाचे! वरचा मजला, दोन खोल्या, पुढे गॅलरी, समोर सायकल दुरुस्तीचं दुकान. हिला इथल्या दवाखान्यात बदली मिळाली आणि मला घरबसल्या काम. आणखी काय हवं माणसाला? घरभर खोक्यांचा डोंगर झालाय. चिकटपट्टी ओढली की असा काही चर्रर्र आवाज होतो की मालकीणबाई खालून बघायला आल्या, काय फाडताय म्हणून. मग त्यांनी गच्चीची किल्ली, पाण्याची वेळ आणि जिन्याची कुठली पायरी घसरते हे सगळं एका दमात सांगितलं. त्या गेल्यावर आम्ही पोट धरून हसलो आणि आणखी जोरात पट्ट्या ओढल्या.

माझं काम असं आहे. शब्दकोड्यांचं एक साप्ताहिक आहे. त्याच्या संपादकांना आता कोडी इंटरनेटवर आणायचीत, रोज एक. त्यासाठी त्यांनी सर्व्हर घेतलाय, म्हणजे कुठल्यातरी मोठ्या यंत्राचा एक कोपरा भाड्यानं. आमच्यासारखेच भाडेकरू! त्यावर मी सीएमएस बसवायची, म्हणजे संपादकांनी कोडं टाकून तारीख दिली की ते आपोआप झळकेल. सुरुवातीलाच सर्व्हरचं नाव काय ठेवू असं विचारलं. डोक्यात खोकी होती, मी ‘घर’ असं टाकून मोकळा झालो. सगळं कोरं असतानाच एक प्रतही काढून ठेवली. काही बिघडलं तर बटण दाबायचं, की सर्व्हर या क्षणी होता तस्सा. प्रतीचं नाव ‘घर – पहिला दिवस’. संपादकांनी स्वस्तातला प्लॅन घेतलाय, त्यात एकच प्रत ठेवता येते. नवी काढली की जुनी जाते. चालेल.

ही म्हणते, रोजनिशी लिहितोस पण मागचं पान कधी वाचत नाहीस. नाहीच वाचत. लिहिलं की विषय संपला.

७ फेब्रुवारी

डोक्याला ताप नुसता. सीएमएस म्हणते डेटाबेस सापडत नाही. डेटाबेस म्हणतो मी इथेच आहे, पासवर्ड चुकतोय. पासवर्ड बदलला तर पान पांढरंफटक. ना चूक दाखवत, ना बरोबर. सकाळपासून पांढऱ्या पानाकडे बघत बसलोय. मधूनच संपादकांचा फोन, झालं का, झालं का. अहो, झालं असतं तर मी सांगितलं नसतं का?

घर मात्र लागलं. खोकी सगळी फोडून भंगारात दिली. चहाचा डबा खिडकीजवळच्या वरच्या फळीवर, कारण हिला वाकायला नको वाटतं.

८ फेब्रुवारी

वैतागून ते बटण दाबलं. दहा ठिकाणी ठिगळं लावण्यापेक्षा ये रे माझ्या मागल्या बरं. सर्व्हर कोरा झाला, जीव भांड्यात पडला.

बाहेरच्या खोलीत आलो तर खोकी. भंगारात दिलेली सगळी खोकी, पट्ट्या लावलेली, परवाच्यासारखी भिंतीपर्यंत रचलेली. ही शांतपणे विचारत होती, कात्री कुठल्या खोक्यात टाकलीस. मी म्हटलं, अगं, आपण सगळं लावलं होतं. तिला वाटलं मी कामाचा आळस करतोय. मग मालकीणबाई आल्या, ओळख करून दिली आणि किल्ली, पाणी, पायरी, सगळं एका दमात.

एक गोष्ट मात्र लिहून ठेवतो. चहा करायला उठली तेव्हा हिचा हात थेट वरच्या फळीवर गेला. फळी रिकामी होती. हात तसाच वर धरून ती जरा वेळ उभी राहिली, मग स्वतःशीच हसली.

११ फेब्रुवारी

म्हटलं, आपलंच डोकं फिरलं असेल. खात्री करायला मुद्दाम मिशी काढली. हिनं आरशात दाखवून यथेच्छ टिंगल केली, सोललेलं रताळं म्हणाली. मग आत जाऊन बटण दाबलं.

मिशी आहे. जाडजूड, जागच्या जागी. हिला काही आठवत नाही. खोकी पुन्हा भिंतीपर्यंत. कॅलेंडर मात्र मागे जात नाही, तारीख आजचीच, आणि या वहीतलं लिहिलेलंही जागच्या जागी. आधी मी वेड्यासारखा हसलो, नंतर दार लावून पुन्हा आरशात बघितलं. बटण मी दाबतो म्हणून मला आठवतं, बाकी कुणाला नाही. एवढाच अर्थ लागतोय.

सर्व्हरचं नाव बदलून बघितलं. बदलत नाही. ‘घर’ ते ‘घर’च. नवी प्रत काढायचाही धीर होत नाही. काढताना आणखी काय होईल कुणी सांगावं? त्या बटणाकडे आता फिरकायचंसुद्धा नाही. सीएमएस बसायची तर पायरी-पायरीनं बसेल, नाहीतर बोंबलत जाईल.

२० फेब्रुवारी

बसली! फाईलींचे हक्क, म्हणजे कुठली फाईल कुणी उघडायची ते, चुकले होते, एवढंच. एवढ्याशा गोष्टीनं नाकी नऊ आणले. पहिलं कोडं झळकलं, त्यात उभ्या तीनचं उत्तर चुकलंय, पण ती संपादकांची डोकेदुखी. खोकी आम्ही तिसऱ्यांदा फोडली. ही म्हणाली, तुला कुठलं खोकं कुठे हे बघितल्याबरोबर कसं कळतं? मी पुढचं खोकं ओढलं.

९ मार्च, पुढचं वर्ष

वही वर्षभर बाजूलाच पडली. लिहायला वेळ कुणाला? घरात भोंगाबाई आल्यात. दोन महिन्यांच्या झाल्या. नावावर आमचं एकमत होत नाही, तोवर हेच नाव, आणि ते शोभतंही. झोपल्या की आम्ही दोघं कुजबुजत बोलतो, दारं बोटानं लावतो, भांडं ठेवायचं तर खाली फडकं. शिंक आली तर गॅलरीत पळायचं. उभं राहिलं की मी आपोआप डुलायला लागतो, हातात ती नसली तरी. वाण्याच्या दुकानात लोक बघतात.

एवढं सुख माझ्या वाट्याला येईल असं वाटलं नव्हतं. लिहून ठेवतो.

१२ मार्च

कपाळ माझं! साइटवर कुणीतरी घुसलंय. कोड्यांच्या जागी जुगाराच्या जाहिराती. एक फाईल पुसली की चार उगवतात. वर्षभर सीएमएस अद्ययावत केली नाही, का, तर सर्व्हरला हात लावायची भीती. भोगा आता.

संपादक तापलेत. म्हणाले, ती स्वच्छ प्रत आहे ना, ‘घर – पहिला दिवस’, ती टाका परत. कोडी काय, सगळी कागदावर आहेतच, पुन्हा चढवू. मी नको म्हटलं. का नको, म्हणाले.

काय सांगू?

१३ मार्च

खरं तेच सांगितलं शेवटी. फोनवर मोठ्यांदा हसले. म्हणाले, घरात तान्हं मूल आहे, झोप होत नसेल, दोन दिवस विश्रांती घ्या. बटण दाबायला तुम्हीच कशाला हवे, पासवर्ड माझ्याकडेही आहे.

त्यांनी दाबलं तर मलाही आठवणार नाही. मी दाबलं तर निदान मला आठवेल. पण मी दाबू? माझ्या हातानं, तिला?

एकच मार्ग आहे. आत्ताची प्रत काढायची, ती आहे तशी, या घरात, पाळण्यात. नवी निघाली की जुनी जाईल, मग दाबू देत किती दाबायचं ते. हिला सांगायला गेलो आणि दारातूनच परत फिरलो. ती तिला मांडीवर घेऊन पाठीवर थोपटत होती.

१४ मार्च

प्रत निघत नाही. जागा अपुरी. त्या हरामखोरांनी सगळी जागा कचऱ्यानं भरलीये. पुसतोय – पुन्हा भरतंय – पुसतोय. संपादक फोन उचलत नाहीत. त्यांचा निरोप आलाय, सर्व्हरवाल्यांच्या मदतकक्षाला बटण दाबायला सांगितलंय, जेवणानंतर करतील.

जागा झाली. प्रत निघायला लागली. ती रेघ सरकतेय, गोगलगायीसारखी, पण सरकतेय – चल बाई, चल –

थांबली. पुन्हा सुरुवातीपासून.

काहीतरी लिहून ठेवतो तोवर. डावा कान वरून दुमडलेला, माझ्यासारखा. शिंकते ती दोनदाच, आणि दुसरी शिंक आली की स्वतःच दचकते. माझा अंगठा धरते तेव्हा चारच बोटं पुरतात, करंगळी बाहेर. दूध प्यायली की टाळूला वास येतो तो – पुन्हा थांबली रेघ – अहो, पाच मिनिटं, नुसती पाच मिनिटं थांबा – ही आत काहीतरी गुणगुणतेय, ती आता झोपेल, झोपताना ती

१५ मार्च

आलो एकदाचे! वरचा मजला, दोन खोल्या, पुढे गॅलरी. घरभर खोकी. मालकीणबाई भल्या वाटतात, पायरीपासून पाण्यापर्यंत सगळं एका दमात सांगून गेल्या. वही मात्र बरीच भरलेली दिसतेय. असेल. मागचं मी वाचत नाही.

उद्यापासून शब्दकोड्यांचं काम. सर्व्हर म्हणे कोरा करकरीत आहे, संपादक खुशीत होते.

एक गंमत झाली. खोकी फोडताना आम्ही दोघंही चिकटपट्टी बोटभर, बोटभर सोडवत होतो, अजिबात आवाज न करता. भांडी काढली ती खाली फडकं घालून. मी उभ्या उभ्या डुलत होतो. दुपारपासून आम्ही कुजबुजतोच आहोत, हे हिच्याच लक्षात आलं. तिनं हळूच विचारलं, आपण इतकं हळू का बोलतोय रे? माझ्या तोंडून निघून गेलं, अगं, उठेल ना ती.

कोण, असं तिनं विचारलं. आणि मी म्हटलं, कोण जाणे. तरी पुढची पट्टी आम्ही बोटभर, बोटभरच सोडवली.