बंद पेट्यांचा नियम

बाबा, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली आणि मी अजून लालबागच्या त्याच खोलीत आहे. समोर टॉवर झालाय, भर दुपारी दिवा लावावा लागतो. संपात तुम्ही याच खोलीत दिवसभर भिंतीला टेकून बसायचात. गिरणी आज नाहीतर उद्या उघडेल, हे रोजचंच. खरं सांगू, मला तुमचा वैताग यायचा. मिळवती मी एकटी, आणि घरी आल्यावर कपडे बदलायलाही आडोसा नाही. आई दबक्या आवाजात म्हणायची, "गप गो, माणूस खचलाय." शेवटी मीच तुम्हाला गावी पिटाळलं, मधमाश्या पाळायला शिका म्हणून.

आणि तुम्ही शिकलात की! मागावर तुटलेला धागा हेरणारे डोळे पोळ्यातली राणीमाशी हेरायला लागले. गावचा फुलोरा संपला की माश्यांच्या पेट्या कर्नाटकात न्यायच्या, असं तुम्ही तिसऱ्या वर्षी ठरवलंत. दुसऱ्या राज्यात पेट्या नेण्याच्या नियमांचं पत्रक इंग्रजीत, म्हणून ते माझ्याकडे पाठवलंत. वाचून ठेव, अडलं तर विचारीन, असा निरोप होता.

त्या वर्षी माश्यांत रोग पसरला होता. सीमेवरच्या नाक्यावर तपासणीचा दाखला बघत होते, आणि तुमच्या दाखल्याची मुदत आदल्या दिवशीच संपलेली. टेम्पो उन्हात उभा केला. तुम्ही बूथवरून माझ्या ऑफिसात फोन केलात. फोन साहेबांच्या टेबलावर, साहेब माझ्याकडे बघतायत, आणि तुम्ही विचारताय, "गो बाय, पेट्यो तापल्यो. दारां उघडू काय? नियमात काय लिवलाहा?"

"नाही उघडायची. पोचेपर्यंत बंदच ठेवायची, नियम आहे," मी म्हणाले.

"बरां," म्हणालात.

संध्याकाळी टेम्पो सोडला तेव्हा पोळी वितळून खाली आली होती आणि माश्या त्यातच गुदमरल्या होत्या. एकही पेटी वाचली नाही. तुम्ही मुंबईला परत आलात ते पुन्हा कधी गावचं नाव न काढण्यासाठी. शेजारचे हळहळायचे, जरा दारं किलकिली करायची होतीत. तुम्ही ठासून सांगायचात, "नियमच तसो आसा. माझ्या चेडवाक विचारलंय, तिना सगळा वाचलाहा." किती अभिमानानं सांगायचात! मी चहा गाळत असायचे, मान वर करायची हिंमत व्हायची नाही.

बाबा, तुमचा फोन आला तेव्हा ते पत्रक माझ्या पर्समध्ये होतं, घडीसुद्धा न मोडलेलं. साहेब समोर होते, मला फोन ठेवायचा होता, म्हणून तोंडाला येईल ते सांगितलं. नंतर वाचलं. वाटेत खोळंबा झाला तर पेट्या सावलीत उतरवून दारं उघडावीत, असं त्यात सरळ लिहिलंय. तुम्ही होतात तोवर दहादा सांगायला बसले आणि उठले. आज लिहितेय, तेही पाठवायला पत्ता उरला नाही म्हणून. तुम्ही असतात तर आजही गप्पच बसले असते.