तुझ्या जागी बसून

प्रिय मेकॅनिक,

पाकिटावरचं अक्षर बघूनच तू ओळखलं असशील आणि ते न फोडता खिशात घालून फिरला असशील. कटकटीचं काही समोर आलं की आधी चहा प्यायचा, ही तुझी सवय मला ठाऊक आहे. पी. मग वाच. मी भांडायला लिहीत नाहीये. तुझं लग्न ठरल्याचं कळलं. शिव्या द्यायची हौस कधीच फिटली रे, आता ती ताकदही नाही.

मी अजून त्याच चष्म्याच्या दुकानात आहे. काचा घासायचं मशीन नवीन आलंय, पण मालक ते सुखानं चालवू देत नाहीत. पाठीमागे उभे राहून "हळू, हळू" करतात, जणू मी त्यांच्या मुलीची वेणी घालतेय. आईचे गुडघे कुरकुरतात, आणि गुडघ्यांपेक्षा ती जास्त. वहिनीला मुलगी झाली. घरात सगळे मला आता आत्याच म्हणतात, दादासुद्धा. पोर माझ्या खांद्यावर पटकन झोपते. तिला खाली ठेवायची वेळ आली की आई माझ्याकडे बघत नाही, वाळलेले कपडे घेऊन उगाच घड्या घालत बसते. ती असं का करते, ते तुला सांगायचं राहून गेलंय.

आपली ओळख कशी झाली ते मी विसरायचा खूप प्रयत्न केला. इमारतीची लिफ्ट तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये अडकलेली, आत मी आणि फ्रेमचं खोकं. वरून तुझा आवाज आला, "घाबरू नका ताई, लिफ्ट पडत नसते, माणूसच घाबरून पडतो." दार उघडेपर्यंत तू अखंड बोलत होतास. पुढे तू मला 'साडेतीन' म्हणायला लागलास, आणि मी म्हणायचे, साडेतीन शहाण्यांतली अर्धी तरी मी असेनच. अर्धीसुद्धा नव्हते, हे नंतर कळलं. तूही नव्हतास.

गोदामामागच्या गल्लीतली ती तुझी खोली. उशीलासुद्धा ग्रीसचा वास. आपण फार जपून वागतो असं आपल्याला वाटायचं. दिवस राहू नयेत म्हणून मी गोळी कधी चुकवली नाही, उलट तूच आठवण करून द्यायचास. त्यापलीकडे आणखी काही जपायचं असतं, हे आपल्याला सांगितलं कुणी? शाळेत तो धडा आला तेव्हा बाईंनी "हे घरी वाचा" म्हणून पान उलटलं, आणि घरी विचारलं असतं तर आईनं मलाच उलटं केलं असतं. गोळीनं मूल थांबतं, आजार थांबत नाही, ही एका ओळीची गोष्ट. ती मला माहीत नव्हती. आणि निरोध म्हणजे 'तसल्या' माणसांचं काम, अशी आपली ठाम समजूत. आपल्या माणसाकडून आपल्याला काय होणार?

मग माझ्या ओटीपोटात दुखायला लागलं. स्टुलावर बसून बसून होत असेल म्हणून मी शेक घेत राहिले, आईनं ओव्याची फक्की दिली. एका दुपारी गिऱ्हाइकाच्या नाकावर चष्मा बसवता बसवता मी खाली कोसळले. पोटात पू साठला होता, लगेच ऑपरेशन करावं लागलं. ते चाललेलं असताना तू बाहेरच्या बाकावर बसून होतास, आत सोडत नाहीत म्हणून वॉर्डबॉयशी भांडत होतास. हे मी कधी विसरले नाही. तुझ्याबद्दल माझ्याकडे जे चांगलं आहे ते सगळं मी जपून ठेवलंय, एवढं लक्षात असू दे.

डॉक्टरीणबाईंनी आईला पाणी आणायच्या निमित्तानं बाहेर पाठवलं आणि मला सांगितलं, की हा शरीरसंबंधातून होणारा संसर्ग आहे. बऱ्याचदा बाहेरून काहीच दिसत नाही, पुरुषाला तर पत्ताही लागत नाही. वेळेवर साध्या गोळ्या घेतल्या असत्या तर तो केव्हाच गेला असता. आता दोघांनी औषध घ्यायचं, नाहीतर तो फिरून येतो. मी विचारलं, मला हे कुणामुळे झालं? त्या म्हणाल्या, "पायात काटा रुतला तर आधी काढशील, की झाड शोधत फिरशील?"

हेच सगळं मी तुला दवाखान्याच्या जिन्यात सांगितलं. शब्द धड सापडत नव्हते, टाके ओढत होते. तू ऐकलंस आणि म्हणालास, "म्हणजे मी आणलं असं म्हणायचंय तुला?" मी नाही म्हटलं. मग तू म्हणालास, "मला काही झालेलं नाही, मी ठणठणीत आहे. तूच आठव कुठून आलं ते." आपण दोघंही झाड शोधायला लागलो, आणि काटा तसाच राहिला. तू तपासून घ्यायला गेला नाहीस. पुढच्या महिन्यात नव्या इमारतींचं काम घेऊन दुसऱ्या गावाला गेलास. मी फोन केले, मग करणं सोडलं.

त्यानंतरचं तुला माहीत नाही. पुन्हा तपासणीला गेले तेव्हा कळलं की दोन्ही बाजूच्या नळ्या आतून चिकटून गेल्यात, मूल राहण्याची आशा जवळजवळ नाही. हे मी आईला सांगितलं. रात्रीच्या जेवणाला तिनं दोनदा मीठ घातलं आणि आम्ही ते तसंच खाल्लं. नातेवाइकांना ती अजूनही 'आतड्याचं दुखणं' सांगते. स्थळं येतात, मी मुलाकडच्यांना खरं सांगते, आणि स्थळं जातात. एक जण तर चहाही न पिता गेला. बशीतली बिस्किटं दादानं खाल्ली.

डॉक्टरीणबाई दर शनिवारी दुपारी दवाखान्याच्या वरच्या खोलीत तरुण मुलामुलींशी बोलतात. त्यांनी मला बोलावलं. सुरुवातीला मी 'माझी एक मैत्रीण होती' म्हणून सांगायचे, आता 'मी' म्हणते. मुलं आधी खिदळतात, मग एकेक जण खुर्ची पुढे ओढतो. मी त्यांना म्हणते, निरोध खिशात ठेवून उपयोग नाही, खिशातल्या चष्म्यानं कुणाला दिसलंय? हसतात, पण विसरत नाहीत. शंका आली तर तपासा, आणि तपासायचं तर दोघांनी. त्यात लाज कसली, डोळे तपासायला येता तेव्हा लाजता का? तिथं बोललेलं त्या खोलीबाहेर न्यायचं नाही, हा आमचा नियम आहे. आज मी तो मोडतेय, कारण मला दुसरा मार्ग दिसला नाही.

मागच्या शनिवारी एक नवी मुलगी आली. बालवाडीत शिकवते, बाहीवर खडूचे डाग तसेच. तिनं खाली बघत विचारलं, "माझं लग्न ठरलंय. दोघांनी तपासणी करू या असं त्यांना म्हणायचं कसं? त्यांना राग आला तर?" मुली हसल्या. मी म्हटलं, करून बघू या. समोर खुर्ची मांडली आणि मी तिचा होणारा नवरा झाले. पाय पसरून बसले, आवाज जाड केला. ती दोनदा अडखळली, मग म्हणाली, "लग्नाआधी आपण दोघं एकदा तपासून येऊ या का?" मी म्हटलं, "का? माझ्यावर विश्वास नाही?" पुरुष काय म्हणतात ते मला पाठच आहे रे. ती मान वर करून म्हणाली, "विश्वास आहे, म्हणून तर तुम्हाला विचारतेय. नाहीतर विचारलंच नसतं." खोलीत कुणी हसलं नाही. मला पुढे आडमुठेपणा करायचा होता, तिचा सराव व्हावा म्हणून. जमला नाही. मी म्हटलं, "कधी जायचं?" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ती इतकी लाजली, जणू तो होकार खराच होता.

निघताना तिनं आनंदानं फोनवर फोटो दाखवला, "हे बघा, हेच ते." तू होतास. मिशी ठेवलीयस. शोभत नाही तुला. मी म्हटलं, "छान आहेत." ती गेल्यावर मी खुर्च्या एकात एक रचत राहिले, रचून झाल्यावर पुन्हा काढल्या. डॉक्टरीणबाईंनी विचारलं तेव्हा कुणाचं नाव न घेता सांगितलं. त्या म्हणाल्या, "तिला सांगायचा हक्क त्याचा आहे, तुझा नाही. पण त्याला सांगायचा हक्क तुझा पूर्ण आहे."

म्हणून हे पत्र. मधल्या काळात तू तपासून औषध घेतलं असशील, तर हे फाडून टाक आणि मला माफ कर. घेतलं नसशील, तर लग्नाआधी जा. थोड्या दिवसांच्या गोळ्यांचं काम आहे. मग ती तुला विचारेल. कधी ते माहीत नाही, पण हिंमत गोळा करून विचारेल, आणि तेव्हा तिचा आवाज कापत असेल. त्या वेळी झाड शोधू नकोस. जिन्यात मला जे बोललास ते तिला बोलू नकोस. कधी जायचं, एवढंच विचार. आपलं काय झालं ते तिला सांगायचं की नाही, तुझं तू ठरव, पण ते खरं सांगण्याइतकी ती मोठी आहे. तुम्हाला मुलं होऊ देत. हे लिहिताना माझा हात थांबला, पण मी ते मनापासून लिहिलंय. उत्तर पाठवू नकोस. आलं तर मी ते पुन्हा पुन्हा वाचत बसेन, आणि मला आता ते परवडणार नाही.

कधी काळी फक्त तुझीच असलेली,
मी