पडद्यावरचा मंगळवार

रामनगर,
९ एप्रिल १९९७

चि. गोपाळ यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

काल पाडवा झाला. गुढी मी एकटीनेच उभारली. रुक्मा मदतीला आली होती, पण ती पडली देवीचा वार पाळणारी. चैत्रातला मंगळवार म्हणून हातात विळासुद्धा धरेना. कडुलिंब मीच मोडून आणला. तुझी वाट पाहिली नाही. वाट पाहणं मी नर्सच्या नोकरीबरोबरच सोडलं.

आता मुद्द्याचं. तुमच्या त्या संगणकावरच्या खेळाने गावात माझी शोभा केली आहे. 'डोंगरशेत' संपल्यावर आभार म्हणून माझं नाव आणि गाव पडद्यावर टाकायचा शहाणपणा तुझा की तुझ्या जोडीदाराचा, नागूचा? ओळख ना देख अशा पोरांची पत्रं मला ढिगाने येतात. पाकिटावर नुसतं 'यमुनाआत्या, रामनगर, तालुका जोयडा'. आपला पोस्टमन झिलू चारचौघांत विचारतो की बाईंनी या वयात वरसंशोधन काढलं काय.

पत्रांत मजकूर एकच. तुमच्या मालकाने पेपरात जाहिरात दिली म्हणे, की आमची दोन मुलं दिवसरात्र जागून खेळाचा दुसरा भाग जूनमध्ये आणत आहेत. त्याला वाटलं लोक टाळ्या पिटतील. पोरं उलट माझ्यावर चिडली आहेत! कोल्हापूरचा एक जण लिहितो की आम्ही दिवाळीपर्यंत थांबू, पण त्यांना मे महिना घरी बोलवून घ्या. दांडेलीची लक्ष्मी नावाची दहावीतली मुलगी लिहिते, की खेळात चैत्रातला मंगळवार उजाडला की बैल खाली बसतात, मुसळ उचलत नाही, कुठलंही बटण दाबा, पडद्यावर नुसतं अंगण दिसतं आणि ऊन सरकत राहतं. आधी तिला राग यायचा. मग तेवढ्या वेळात ती आईबरोबर जेवायला बसू लागली. आता ती मला जाब विचारते, की ज्यांनी आम्हाला वार पाळायला लावला त्यांना कुणी पाळू देत नाही का.

काय उत्तर देऊ? बेळगावच्या कॉन्व्हेंटात सिस्टरांनी मला रविवार पाळायला शिकवलं आणि इथे रुक्मा मंगळवार शिकवते. देव दोन असतील, टेकायची पाठ एकच असते. तुझे आईबाप गेल्यावर तुला मी वाढवलं, ते एका खुर्चीत वाळवण्यासाठी नाही. मे लागला की ये. हे आमंत्रण नाही, हुकूम आहे.

लोभ तुझ्यावर आहेच; तो टिकवायचं काम आता तुझं.

तुझी आत्या,
यमुना

•

पुणे,
१७ एप्रिल १९९७

ती. आत्यास,
सा. न. वि. वि.

पत्र वाचून नागू आणि मी पोट धरून हसलो. झिलूला सांग की स्थळं आली तर आधी पत्रिका मला दाखव.

अशी पत्रं ऑफिसातही येतात. मालक ती चहाच्या वेळी मोठ्याने वाचून दाखवतात. म्हणतात, इतकी माया करणारं गिऱ्हाईक मिळालं तर शाळा उघडायच्या आत माल दुकानात हवाच. त्यांचं आणखी एक म्हणणं आहे. दुसऱ्या भागातून वार काढून टाकायचा. लोक स्वस्थ बसण्यासाठी खेळ घेतात का, असं विचारतात. मग काढला. पाडव्याच्या दिवशीच मी स्वतः त्या सगळ्या ओळी प्रोग्राममधून पुसल्या. तुला वाईट वाटेल म्हणून आधी सांगितलं नाही.

आता गंमत ऐक. सोमवारी मालकांना नवा भाग चालवून दाखवत होतो. नांगरणी छान चालली होती. मध्येच बैल बसले. अंगण आलं आणि ऊन सरकू लागलं. मालक घड्याळाकडे बघत उभे. नंतर पाहिलं तर पुसलेल्या ओळी जागच्या जागी. पुन्हा पुसल्या. काल पुन्हा बैल बसले. जुन्या फ्लॉपीतून काहीतरी परत येत असणार, पण फ्लॉपी तर मी मोडून टाकली आहे. नागू म्हणतो, तुमच्या देवीला पुण्याचा पत्ता दिला कुणी?

ही चूक सापडल्याशिवाय मला निघता येणार नाही. तू काळजी करू नकोस. मी अगदी बरा आहे. डाव्या हाताची दोन बोटं बधिर असतात आणि डोळ्यांच्या कडेला उन्हाचा कवडसा पडल्यासारखा दिसतो, एवढंच. मिटले तरी दिसतो, त्यामुळे झोपण्यात फार वेळ जात नाही.

रागावली असलीस तरी माझ्या वाटची फणसाची साटं ठेव.

तुझा,
गोपाळ

•

रामनगर,
२४ एप्रिल १९९७

चि. गोपाळ यास,
आशीर्वाद, आणि त्यांच्या आधी दोन धपाटे.

तू बरा नाहीस. धरणाच्या कामावरच्या दवाखान्यात मी उभी हयात काढली. पाळीवर पाळी करणारे गडी गणेशगुडीहून उचलून माझ्याकडे आणत. ओरडणाऱ्यांची मला कधी भीती वाटली नाही. जे शांतपणे सांगत की सिस्टर, मी अगदी बरा आहे, मला कामावर सोडा, त्यांच्या खाटेशी मी खुर्ची ओढून बसत असे. त्यातला एक जण चादरीची नीट घडी करून, मला नमस्कार करून निघाला होता. दारापर्यंतही पोचला नाही. तुझं पत्र मला त्याच्या घडीसारखं वाटलं.

रुक्माला पुसलेल्या ओळींचं सांगितलं. तिने हातातलं सूप खाली ठेवलं. म्हणाली, अक्का, वार मोडला तर वार काय गप बसतोय व्हय, त्यो मानसातच शिरतोय. मी तिला गप्प केलं. मला असल्या गोष्टी पटत नाहीत. पण त्या रात्री मी दिवा मालवला नाही, हेही खरं.

तुझा मालक मायेचं भांडवल करतो काय? मग बघच. मी सगळ्या पोरांना कार्डं टाकली आहेत की मला गोड गोड लिहू नका, त्या माणसाला लिहा. जूनमध्ये आलेला खेळ आम्ही विकत घेणार नाही, असं स्वच्छ लिहा. दांडेलीच्या लक्ष्मीला तर मी मजकूरच घालून दिला आहे.

माया आटलेली नाही, पण धीर आटला आहे, हे लक्षात असू दे.

आत्या

•

पुणे,
१ मे १९९७

ती. यमुनाआत्यांस,
नागूचा सा. न. वि. वि.

आपली भेट एकदाच झाली, मी खानापूरला घरी गेलो असताना गोपाळबरोबर तुमच्याकडे येऊन गेलो होतो तेव्हा. तरी हक्काने लिहितो. हे पत्र गोपाळला दाखवू नका.

पुसलेल्या ओळी कुठून परत येतात ते मी पाहिलं आहे. गोपाळच त्या लिहितो. परवा दुपारी ताट पुढ्यात घेऊन बसला होता. घास हातात तसाच राहिला आणि दुसऱ्या हाताची बोटं कीबोर्डवर चालू लागली. डोळे उघडे होते. मी हाक मारली, खांदा हलवला, त्याला पत्ता नाही. एकही चूक न करता सगळा वार पुन्हा लिहून काढला. मग घास तोंडात घातला आणि मला विचारलं की माझ्या मशीनला कोणी हात लावला. मी त्याला खरं सांगितलं. तो खूप हसला. दुसऱ्या दिवशी पाहिलं तर ते बोलणंच त्याच्या लक्षात नव्हतं, आणि तो पुन्हा चूक शोधायला बसला होता.

मालकांना सांगितलं. ते म्हणाले, काम संपवा आणि मग दिवाळीपर्यंत झोपा. पण आत्या, तुमची कार्डं कामाला आली. गेल्या तीन दिवसांत टपालाचा खच पडला आहे. कोल्हापूरच्या एका कॉम्प्युटर क्लासने सगळ्यांच्या सह्या करून पाठवलं, की जूनमध्ये आणलात तर आम्ही उघडणार नाही, त्या दोन मुलांना सुट्टी द्या. मालक आता पत्रं मोठ्याने वाचत नाहीत. आज चिडून म्हणाले, दोघांतला एक जण जाऊ दे, दुसऱ्याने काम पुरं करायचं.

मी गोपाळला पाठवतो आहे. सोमवारी रात्री बेळगावच्या गाडीत बसवून देईन. पुढे रामनगरच्या बसमधून कोणीतरी उतरवून घ्या. तो आपणहून उतरेल याची मला खात्री नाही. माझं काय, मी दणकट आहे.

आपल्या मायेत माझ्यापुरतीही थोडी जागा असू द्या.

आपला,
नागू

•

रामनगर,
१४ मे १९९७

चि. नागू यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

गोपाळ पोचला. रुक्माचा नवरा परशू त्याला बसमधून हाताला धरून घेऊन आला. कंडक्टर म्हणाला की पोरगा वाटभर खिडकीच्या काचेवर बोटं आपटत होता.

आला तो दिवस चैत्रातला शेवटचा मंगळवार होता. आल्या आल्या त्याने वार विचारला. मी मंगळवार म्हटलं, तसा तो माजघरात आडवा झाला आणि दिवेलागणीपर्यंत झोपला. औषधाने जमलं नसतं ते एका शब्दाने जमलं. दुसऱ्या सकाळी पुन्हा त्याने तेच विचारलं. बुधवार म्हणायला माझं तोंड उघडलं, आणि त्याची बोटं हलताना दिसली. मी मंगळवारच म्हटलं.

तेव्हापासून आमच्याकडे रोज मंगळवार आहे. नाक्यावरच्या दुकानदार मारुतीला सांगून ठेवलं आहे. गोपाळ रस्त्याला दिसला की तो दुकानाची फळी लावून घेतो आणि विचारलं तर वार आहे म्हणतो. झिलू टपाल मागच्या दाराने देतो. मृग जवळ आला, मशागतीची घाई, तरी परशू बैल उजाडायच्या आत टेकडीपलीकडे नेतो. गावाने एका पोरासाठी पंचांग बाजूला ठेवलं. मी इतकी वर्षं या लोकांना अडाणी म्हणत आले, आता जीभ चावते.

रुक्मा मात्र रोज माझ्याशी भांडते. म्हणते, खोटा वार सांगू नका अक्का, खोट्या वाराला देवी बांधील न्हाई. हितं धरून ठिवला तर त्यो दुसरीकडं जातोय. मी म्हटलं, जाऊ दे जायचं तिथे. बोलून गेले, आणि मग तुझी आठवण झाली.

पोरगा सुधारतो आहे. काल आपल्या हाताने जेवला, आणि माझ्या इंग्रजी शिव्यांना हसला. बोटं अजून गोधडीवर चालतात, पण सावकाश. मला विचारलं की तिकडे कामावर कोण आहे. मी सांगितलं, कोणी नाही, नागूही सुट्टीवर आहे. या खोट्याचं खरं तूच कर. मालकाला सांग की गावी कोणीतरी मेलं, आणि लगेच ये. कोण मेलं विचारलं तर माझं नाव घे, माझी हरकत नाही.

तुझ्यापुरती जागा नाही, आख्खी खोली आहे. ती झाडून ठेवली आहे.

तुझीही आत्या,
यमुना

•

पुणे,
२२ मे १९९७

ती. यमुनाआत्यांस,
सा. न. वि. वि.

आपलं पत्र मिळालं. गोपाळ सुधारतो आहे वाचून फार बरं वाटलं. इकडे काम झपाट्याने चाललं आहे. पोरांची पत्रं अजून येतात, पण मालकांनी ती फोडायची नाहीत असं ठरवलं आहे. ठीकच आहे, वाचण्यात वेळ जातो.

वार मी मुळासकट काढला. गोपाळचं मशीन बंद करून त्यावर कापड टाकलं, खोलीची किल्ली माझ्या खिशात असते. त्यामुळे एका गोष्टीचं नवल वाटतं. काल मालकांसमोर खेळ चालवला तर बैल बसले. अंगण आलं, ऊन सरकू लागलं. गोपाळ तर इथे नाही, आणि खोलीत माझ्याशिवाय कोणी येत नाही. म्हणजे कुठेतरी साधी चूक राहिली असणार. ती सापडली की लगेच निघतो.

माझी काळजी करू नका. मी अगदी बरा आहे.

आपल्या मायेत माझ्यापुरतीही थोडी जागा असू द्या.

आपला,
नागू

•

रामनगर,
२७ मे १९९७

नागू,

आज मायना नाही. वेळ नाही.

तुझं पत्र काल आलं. ते घेऊन मी देवळाच्या पायरीवर बसले होते. सिस्टरांनी पाहिलं असतं तर काय म्हणाल्या असत्या कोण जाणे. आज सकाळी झिलूने तुझं दुसरं पाकीट दिलं. मला आनंद झाला, वाटलं निघाल्याचं कळवलंस. उघडलं तर तेच पत्र. तारीख तीच, शब्द तेच, कुठे एक काना इकडचा तिकडे नाही. तू ते दुसऱ्यांदा लिहिलंस, आणि पहिलं लिहिल्याचं तुला आठवत नाही. होय ना?

ऐक. ती चूक तू शोधायची नाहीस. ती तूच घालतो आहेस, गोपाळ घालत होता तशीच. त्याला तू पाहिलंस म्हणून मला कळलं. तुला पाहणारं तिथे कोणी नाही.

गोपाळला रुक्मा आणि परशूच्या हवाली केलं आहे. मी संध्याकाळच्या बसने बेळगावला आणि तिथून रात्रीच्या गाडीने पुण्याला निघते. हे पत्रही बहुधा त्याच गाडीने येईल. माझ्या आधी तुला मिळालं तर वाचून झाल्यावर लगेच ऊठ. किल्ली आतच टाक आणि बाहेर जिन्यात येऊन बस. मालक बोलावील, जाऊ नकोस. कोणी वार विचारला तर मंगळवार सांग. आज खरोखरच मंगळवार आहे.

मी येईपर्यंत एवढंच कर, बाळा.

आत्या

ता. क. पाकीट चिकटवत होते, तेवढ्यात झिलू मागच्या दाराने पुन्हा आला. दुपारच्या टपालात तिसरं आलं आहे.