बायको नवऱ्याची स्पॉन्सर होऊ शकते का?

शनि. ४ ऑक्टो. ९७, मनामा
आज हंसाला विचारलं, "बायको नवऱ्याची स्पॉन्सर होऊ शकते?" आधी हसली. मग म्हणाली, "विचारून येते."
तिचा जन्म इथला, पासपोर्ट बहरीनचा. आजोबा कच्छहून आलेले. मी सोलापूरचा ड्राफ्ट्समन. लग्न केलं तेव्हा माझा व्हिसा होता, कंपनीच्या नावावर; कंपनीच माझी स्पॉन्सर. मग कंपनीला कुलूप, मालक गायब, व्हिसा संपला. मी राहिलो. पोलिसांची गाडी दिसली की गल्ली बदलतो.
तिला पाचवा महिना. इथे मूल बापाच्या देशाचं धरतात. बापच कागदावर नाही, तर मूल कुठलं? भीतीपेक्षा कुतूहलच जास्त वाटलं. तिला बोललो नाही.

मंगळ. ७
हंसा एकटी इमिग्रेशनला जाऊन आली. "माझ्या एका मैत्रिणीचा नवरा..." अशी सुरुवात केली. खिडकीतल्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "मैत्रिणीला कितवा महिना?"
बाई चांगल्या निघाल्या. म्हणाल्या, इथल्या पुरुषानं बायकोला बोलावणं सरळ. बायकोनं नवऱ्याला बोलवायचं तर अर्ज घेतात, पण होईलच असं नाही. आणि नवरा आधी देशाबाहेर गेलेला हवा.
पुरुषाला सरळ, बाईला वाकडं. का?
हंसा : "मला काय विचारतोस? कायदा मी केला?"

शुक्र. १०
कांबळेंकडे जेवण. ते नागपूरचे, सीफला एका साइटवर इलेक्ट्रिकल सुपरवायझर. मी नवा होतो तेव्हा त्यांच्याच खोलीत राहायचो. म्हणाले, दुसरी कंपनी बघ, व्हिसा तिच्या नावावर करून घे. पण जुन्या मालकानं मोकळं केल्याशिवाय ते होत नाही, आणि मालकाचा पत्ता कुणालाच नाही. "मग तो रस्ता खलास," कांबळे.
स्वतःहून इमिग्रेशनला हजर झालं तर फार त्रास न देता घरी पाठवतात म्हणे. परत येऊही देतात म्हणे. सगळा कायदा असा 'म्हणे'वर.
वहिनींनी एकदम विचारलं, "आणि भाऊजी, नाही येऊ दिलं तर?" हंसा ताटाकडे बघत राहिली.

मंगळ. १४
सकाळी सुचलं, दोघंही सोलापूरला जाऊ. दुपारपर्यंत खूश होतो. मग लक्षात आलं, तिथे ही परदेशी! व्हिसा हिला लागणार, पोलिसात नोंद हिची.
सांगितलं तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसली. "म्हणजे तिकडे मी तू होणार!"
सासूबाईंना हसू आलं नाही. पहिलं बाळंतपण, पोरीला इथून हलवायचं नाही, म्हणाल्या. बरोबरच आहे त्यांचं.

शनि. १८
हजर झालो. दोघं गेलो. आत ठेवून घेतील म्हणून शर्टाखाली दुसरा शर्ट घालून गेलो होतो. घामानं...
ऑफिसर वयस्कर. हिंदी बरं बोलतो.
"इतके दिवस कुठे होतास?"
"घरी."
"कुणाच्या?"
हंसा म्हणाली, "माझ्या."
मग ती अरबीत भराभर बोलत गेली. मला एकच शब्द कळला, जौजी. माझा नवरा. तो तिच्याकडे बघत होता, माझ्याकडे नाही.
आत ठेवलं नाही. पासपोर्ट ठेवून घेतला. तिकीट काढ म्हणाला. परत येता येईल का, विचारलं. ते वरचे ठरवतील. वरचे म्हणजे कोण? जिन्याकडे बोट दाखवलं. जिना रिकामा होता.

शुक्र. २४
उद्याचं विमान. हंसाचा अर्ज घेतलाय, मी बाहेर गेल्यावर बघणार; उत्तराचं काही सांगत नाहीत. कांबळे वहिनी शेंगदाण्याची चटणी देऊन गेल्या. सोलापूरला निघालेल्या माणसाला!
दुपारी हंसा बॅग भरत होती. मान वर न करता म्हणाली, "मी बोलावलं, तर येशील ना?"
मी चमकलो. येऊ देतील का, एवढंच मी सगळ्यांना विचारत हिंडलो. मी येईन का, हा प्रश्न या घरात होता, ते माझ्या ध्यानीमनी नव्हतं.
"येणार म्हणजे काय!" म्हणालो.
ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मग घातलेली घडी मोडून शर्टाची पुन्हा घडी घालायला लागली.