नागपूरच्या बाईंकडे जाण्याआधी

खामगाव,
१६ जानेवारी १९६९

प्रिय मंजुळा,

पाच वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही आणि आज एकदम एवढं जाड पाकीट पाहून तुझ्या छातीत धस्स होईल, म्हणून आधीच सांगतो, गावाकडे सगळे बरे आहेत. तुझ्या आईला, अन्नपूर्णाकाकूंना, मागच्या आठवड्यात मोताळ्याच्या बाजारात पाहिलं. मेथीची जुडी उलटीपालटी करून बघत होत्या. मी लांबूनच पाहिलं. जवळ गेलो नाही.

नारायणरावांचं पत्र परवा लोणारहून आलं. नवरा म्हणून त्यांना तुझी किती काळजी आहे, ते त्यांच्या अक्षरावरूनच कळतं. ते लिहितात की तू जेवता जेवता ताटावरून उठतेस, दारात जाऊन उभी राहतेस, 'दादा आला' म्हणतेस आणि कुणी हात धरून आत आणेपर्यंत तिथून हलत नाहीस. येत्या मंगळवारी ते तुला नागपूरच्या मनाच्या इस्पितळातल्या बाईंकडे नेणार आहेत, आणि 'मले पागलखान्यात टाकून राह्यले' म्हणून तू दोन दिवस अन्नाला शिवली नाहीस. मीही त्याच बाईंकडे वर्षभर जात होतो, हे त्यांना कुठूनसं कळलं. 'तुम्ही तिच्या भावाचे जिवलग दोस्त. तिथं काय असतं ते तुम्हीच तिला लिहा, तुमचं ती ऐकेल,' असं त्यांनी लिहिलंय. म्हणून हे पत्र.

मला काय झालं होतं ते तुला कुणी सांगितलं नसेल. गावच्या तारघरातून माझी बदली खामगावला झाली, त्याच्या आधीपासूनच मला तारेचं यंत्र ऐकू यायचं. कट्ट, कट्टकट्ट. शेजारच्या शिंप्याच्या मशीनमधून, भिंतीवरच्या पालीच्या तोंडून, कापसाच्या जिनिंगच्या खडखडाटातून. आणि तुला ठाऊक आहे, आम्हा तारबाबूंना नुसता आवाज ऐकू येत नाही, त्यातून अक्षरं ऐकू येतात. मला दरवेळी एकच मजकूर यायचा. एकदा दुपारी साहेब माझ्या टेबलापाशी आले तेव्हा मी भराभर तार उतरवून घेत होतो. साहेबांनी विचारलं, 'कोणाची तार घेता, गुलाबराव? लाइन तर सकाळपासून बंद आहे.' मी कागदाकडे पाहिलं. अक्षर माझंच होतं. त्याआधी आईनं मला सैलानीच्या दर्ग्यावर नेलं होतं. तिथं मला बरं वाटलं, खोटं कशाला सांगू. पण गावात पाऊल टाकलं की कट्टकट्ट सुरू. मग खात्याच्या डॉक्टरांनी नागपूरची चिठ्ठी दिली.

मलाही वाटलं होतं की हातपाय बांधतील, डोक्याला विजेच्या तारा लावतील. तसलं काही झालं नाही. एका लांब व्हरांड्यात बाक आहे, त्यावर बसावं लागतं. तिथं आणखीही माणसं असतात. कुणी पुटपुटतं, कुणी नुसतं बघतं. त्यांच्याकडे पाहून भिऊ नकोस, ती तुझ्याकडे पाहून तेवढीच भीत असतात. आत एक साधी खोली, दोन खुर्च्या, पाण्याचा तांब्या. बाई पन्नाशीच्या, सुती पातळातल्या. त्यांनी पहिल्याच दिवशी मला सांगितलं, 'मी औषध देत नाही. औषधाची गरज वाटली तर पलीकडच्या खोलीत डॉक्टर आहेत. मी ऐकते आणि विचारते. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवावर बेतणार असेल तेवढं सोडून तुमचं बोलणं या खोलीबाहेर जाणार नाही.' त्यांचं बोलणं अगदी पुस्तकी. मी आपला शब्द तोलून तोलून 'मला', 'तुम्हाला' करत होतो, तर म्हणाल्या, 'घरी जसं बोलता तसं बोला. दुसऱ्याच्या भाषेत दुःख नीट सांगता येत नाही.' तेव्हा तूही खुशाल 'मले' म्हण.

पहिल्या दिवशी त्या फार खोलात जात नाहीत. झोप कशी लागते, जेवण जातं का, घरात कोण कोण आहे, हे असं कधीपासून होतं. हा शेवटचा प्रश्न नीट लक्षात ठेव, त्याबद्दल पुढे लिहायचं आहे. नारायणरावांना त्या थोडा वेळ बाहेर बसवतील. तू गप्प बसलीस तर त्याही गप्प बसतील. ती शांतता मला फार जड गेली. रडू आलं तर येऊ दे, त्या 'रडू नका' म्हणत नाहीत. पाऊण तास झाला की उठायचं. आणि बरं का मंजे, पहिल्या दिवशी परत येताना हलकं वाटेल अशी आशा धरू नकोस. गाडीत मला असं वाटत होतं की कुणीतरी अंगावरची खपली काढून पाठवलंय. दुसऱ्या खेपेला पोटात दुखतंय असं सांगून मी जाणं टाळलं. तिसऱ्या खेपेला गेलो आणि खोटं बोललो. कामाचा ताण होतो म्हणालो. बाईंनी मान डोलावली, खोडून काढलं नाही, आणि एवढंच विचारलं, 'तो मजकूर काय असतो?' ते सांगायला मला आणखी चार खेपा लागल्या.

तो मजकूर असा: 'कडूबा गंभीर. ताबडतोब निघा.'

तुझ्या लग्नासाठी रजा घेऊन निघालेला तुझा दादा, कडूबा, पुण्यात स्टेशनकडे येताना लष्कराच्या ट्रकखाली सापडला, हे तुला माहीत आहे. इस्पितळातून तार आली आणि ती लग्नाच्या दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता मी तुझ्या वडिलांच्या, उकंडरावकाकांच्या हातात दिली, हेही माहीत आहे. काका आणि मी त्याच दिवशी मलकापूरहून गाडी धरली. दुसऱ्या दिवशी दुपारी पुण्याला पोचलो. कडूबा आदल्या संध्याकाळी गेला होता. काका खाली बसले, आणि तिथल्या नर्सनं मला बाजूला घेऊन सांगितलं की तो काल संध्याकाळपर्यंत शुद्धीवर होता, दर तासाला विचारायचा, 'घरचं कोणी आलं का?' हे मी काकांना सांगितलं नाही. ते मरेपर्यंत सांगितलं नाही.

मंजे, ती तार सकाळची नव्हती. लग्नाच्या दिवशी पावणेअकरालाच ती माझ्या यंत्रावर आली होती. मांडवात वऱ्हाड येऊन बसलं होतं, तुला हळद लागली होती, बँडवाले चहा पीत होते. मी तार खिशात घालून मांडवात आलो, काकांना द्यायलाच आलो. काका व्याह्यांचे पाय धूत होते. वाटलं, दीड तासात लग्न लागेल, मग देऊ. लग्न लागलं. वाटलं, पंगती उठू देत. पंगती उठल्या. वाटलं, पोरगी वाटेला लागू दे. तू वाटेला लागलीस, काकू मांडवाच्या खांबाला धरून रडत होत्या, आणि मला वाटलं, आज एक दिवस त्यांना एवढंच रडू दे. दोनच्या मोटारीनं काका निघाले असते तर दुसऱ्या दिवशी दुपारी कडूबाच्या उशाशी असते. सकाळी मी तारघरात बसून नवा कागद घेतला, तोच मजकूर पुन्हा लिहिला आणि वेळ टाकली सात पन्नास.

हे मी बाईंना सांगितलं. मला वाटलं त्या शिव्या देतील, किंवा 'जाऊ द्या, तुमचा हेतू चांगला होता' म्हणतील. यातलं काहीच केलं नाही. त्यांनी विचारलं, 'यात आणखी कोणी आहे का?' मी नाही म्हणालो. त्यानंतर कट्टकट्ट कमी होत गेली आणि लोक म्हणू लागले, गुलाबराव बरा झाला.

पण आणखी कोणी होतं. तू होतीस. साडेअकरा वाजता हळदीच्या अंगानं तू खोलीच्या दारात आलीस आणि मला हाक मारलीस. 'गुलाबदादा, दादाची काही खबर आली काय?' मी म्हणालो, 'कायची खबर? येऊन राह्यला तो.' तू माझ्याकडे टक लावून पाहिलंस. 'मंग तुह्या तोंडाले काय झालं? त्याले काही झालं ना? सांग ना.' मी हसलो आणि मांडवात निघून गेलो. पाच दिवसांनी तुला माहेरी आणलं तेव्हा तू सगळ्या बायांसमोर ओरडलीस, 'मले तवाच माहीत होतं, मी गुलाबदादाले विचारलं बी होतं!' सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. आणि मी म्हणालो, नाही, मला तिनं काही विचारलं नाही. तेव्हापासून तुझ्या माहेरी आणि सासरी म्हणू लागले की मंजुळाला लागीर झालं, तिला न घडलेलं आठवतं. कदाचित तूही ते खरं मानलंस.

मंगळवारी बाई तुला विचारतील की हे कधीपासून होतं. तू लग्नाच्या दिवसापासून सांगशील, दादाला काही झालंय हे मला कळलं होतं म्हणशील, आणि शेजारी बसलेला कोणीही म्हणेल की हा तुझा भास, तार तर दुसऱ्या दिवशी आली. म्हणून नारायणरावांनी सांगितलं तेवढंच लिहून मी हे पत्र संपवलं नाही. तुला भास झाला नव्हता. तू एका खोटारड्या माणसाचं तोंड अचूक वाचलंस, आणि त्यानं तुला वेडी ठरू दिलं. मूळ तारेचा कागद मी जाळू शकलो नाही. तो सोबत ठेवला आहे, त्यावर पावणेअकराची वेळ माझ्याच हातची आहे. बाईंना दाखव, नारायणरावांना दाखव, वाटलं तर खात्यालाही दाखव. रविवारी मी गावी जाऊन काकूंना सगळं सांगणार आहे. तुझ्याकडे माफी मागत नाही, ते मागणं म्हणजे पुन्हा तुझ्यावरच ओझं टाकणं होईल. फक्त मंगळवारी त्या खोलीत गेलीस की जे तू पाहिलंस ते ठाम सांग.

तुझाच म्हणायचा हक्क गमावलेला,
गुलाब